ज्याला येईल त्याने मारायची

१६ जून, सोमवार

शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं उठलं. सातवीचा वर्ग यंदा माझ्या गळ्यात. फळ्यावर 'पाणी' लिहिलं, म्हटलं याला दुसरा शब्द सांगा. सगळे असे गप्प, जणू मी मयतीला आलेय. शेवटी युवराज उठला. "जार, बाई. थंड पाण्याचा जार!" वर्ग खिदळला. मलाही हसू आलं होतं, पण बाई हसल्या की ही पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतात. दाबलं.

खिडकीपाशी समीक्षा बसते, बुद्धविहारामागच्या वस्तीतली. तिने हळूच हात वर केला. "जल, नीर, उदक." आणि खाली बसली. तेवढीच एक.

मधल्या सुटीत मुख्याध्यापक पितांबर सरांनी बोलावलं. "सुलक्षणा मॅडम, ऑगस्टअखेर तालुक्याची शब्दसंपदा स्पर्धा आहे. गेल्या वर्षी आपण शेवटून पहिले. यंदा आबांना ढाल हवीय." रुपचंद आबा म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक, आणि जार सांगणाऱ्या युवराजचे आजोबा. त्यांना हवी म्हणजे हवी.

एरंडोलहून एस.टी.त उभ्याने आले. मेहरूणला घरी पोचायला उशीर झाला, हे चहासाठी खोळंबलेले. पण बोलले काही नाहीत. आज मूड बरा होता.

२४ जून, मंगळवार

आठवडाभर घोकून घेतलं, दहा-दहा वेळा लिहून घेतलं, तक्ते लावले. आज विचारलं तर पाटी कोरी. संताप संताप झाला माझा.

मग बसमध्ये देवपूरचे गुरुजी आठवले. मी चौथीत असताना ते एक खेळ घ्यायचे. ज्याला उत्तर येत नाही त्याने उभं राहायचं. ज्याला येतं त्याने एका हाताने उभ्या पोराचं नाक धरायचं आणि दुसऱ्या हाताने थोबाडीत द्यायची. हळू दिली तर गुरुजी म्हणत, "हे काय गोंजारणं?" आणि कशी द्यायची ते देणाऱ्याच्याच गालावर दाखवत. काय पाठांतर व्हायचं बाई! मी फार थोड्या खाल्ल्या. दिल्याच जास्त.

आता नियम आहे, शिक्षकाने मुलाला हात लावायचा नाही. बरोबरच आहे. मी कुठे लावणार आहे?

१ जुलै, मंगळवार

सुरू केलं. ज्याला येईल त्याने मारायची. पोरांना आधी गंमत वाटली. 'सूर्य' विचारला. समीक्षाने रवी, भास्कर, दिनकर सांगितलं आणि सगळा वर्ग उभा. आता हिने सगळ्यांना द्यायची, तर ही नुसता हात टेकवून पुढे. मी म्हटलं, "हे काय गोंजारणं?" तरी तेच. "बाई, मी नाही मारत. त्यांना लागेल."

मी हात लावत नाही म्हणून कबड्डीतल्या पुनाला पुढे बोलावलं. म्हटलं, दाखव रे हिला. पुनाने दाखवलं. वर्गात असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण रडली नाही. पुढची तिने नीट दिली.

लागतंच की. लागल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही.

१० जुलै, गुरुवार

जादू म्हणावी तर ही! आज 'कमळ' दिला. पंकज, सरोज, नलिनी, अंबुज, राजीव. एका पोराने पद्मालयातलं 'पद्म' काढलं आणि आनंदाने चौघांना अशा ठेवून दिल्या की एकीचं कानातलं उडून बाकाखाली गेलं. ते शोधण्यात पाच मिनिटं मोडली. कौतिकसारखा मख्ख मुलगा, त्याच्या तोंडून 'पाणी'ला 'सलिल' निघाला! म्हणाला, "बाई, आता मी पुनाला देऊ?" त्या एका थोबाडीसाठी दोन दिवस पाठ करत होता बिचारा.

पितांबर सर दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वर्ग जिवंत केलात, मॅडम."

२१ जुलै, सोमवार

मैदानावर चौथीची पिल्लं माझा खेळ खेळत होती. त्यांना शब्दबिब्द काही नको, नुसतं नाक धरायचं आणि द्यायची. एकाचा दात हलला. त्याची आई तंबाखूची चिमूट तोंडात टाकत म्हणाली, "दुधनाच दात व्हता, पडताच." कुणाची तक्रार नाही. उलट दोन बाप येऊन सांगून गेले, बाई, आमच्याला जरा जास्त उभा करा.

समीक्षा आता सगळ्यांच्या पुढे आहे. आज तिला मी एका तासात आठ वेळा विजयी केलं. आठही वेळा युवराज उभा होता. आठव्या वेळी त्याच्या नाकातून रक्त आलं, शर्टाच्या खिशावर पडलं. मी त्याला नळावर पाठवलं. समीक्षा आपला तळहात बघत बसली होती. म्हटलं, "काय गं, दुखतोय का?" म्हणाली, "नाही बाई. झोंबतोय." मारायला शिकली एकदाची.

४ ऑगस्ट, सोमवार

काल सासरी कानबाई देवी बसली. धुळ्याकडचे सगळे भाऊबंद जमले होते. पंगतीत यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की नैवेद्याचे रोट अमावास्येपर्यंत संपवले तरी चालतात. मी वाढता वाढता बोलून गेले, "अहो, पुनवेपर्यंत." थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सुलक्षणा बरोबर सांगते." सगळे हसले.

यांनी मला सैपाकघरात बोलावलं. दार लोटलं. यांचा हात उठला. तसा यांचा स्वभाव वाईट नाही, चारचौघांत बोललेलं यांना खपत नाही एवढंच. मलाच कळायला हवं होतं. गप्प बसले असते तर काय बिघडत होतं?

आज शाळेत पदराने गाल झाकून शिकवलं. बाहेर पोरी म्हणत होत्या, बाईंना पण उत्तर आलं नाही वाटतं. चोंबड्या मेल्या!

६ ऑगस्ट, बुधवार

आज आबा शाळेत आले. युवराजला हाताला धरून. त्याचा ओठ फुटलेला, गालावर बोटं उठलेली. काल 'अपमान' विचारला होता. समीक्षाने अवमान, मानहानी, मानभंग, अवहेलना सांगितलं होतं.

मला वाटलं, खेळच बंद करायला सांगतात. मी मनातल्या मनात उत्तर तयार केलं होतं. पण आबांचं म्हणणं वेगळंच. खुर्चीत टेकून शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही शिकाडतस ते चांगलं शे. पोरे एकमेकले मारतस, त्यानं बी काही नही. पन ती पोरगी आमना युवराजना गालले हात लावस, हाई गावमा कसं चाली?"

"आबा, नियम सगळ्यांना सारखा आहे," मी म्हटलं.

"नियम तुम्हना शे. गाव आमनं शे."

ते गेल्यावर पितांबर सर घाम पुसत म्हणाले, "मॅडम, तोड निघेल. समीक्षाला वर्गात उत्तर देऊ नको म्हणावं. स्पर्धेच्या दिवशी काय बोलायचं ते बोलू दे. ढाल पण येईल आणि गावही शांत."

मी तिला व्हरांड्यात घेतलं. समजावलं. म्हटलं, बेटा, आलं तरी सांगायचं नाही, स्पर्धा होईपर्यंत. ती म्हणाली, "मग बाई, मी उभी राहायचं?" आता नियम तर सगळ्यांना सारखाच आहे. मी म्हटलं, "थोडेच दिवस. गप्प बसलं की सगळं निवतं. मी सांगते ना." अनुभवाने सांगत होते मी.

"बाई, मला येत असेल तरी?"

"तरी."

१२ ऑगस्ट, मंगळवार

वर्गात शांतता आहे. समीक्षा उभी राहते आणि ज्याला येतं तो तिला देऊन पुढे जातो. सगळ्यांचे जुने हिशेब आहेत, त्यामुळे तिच्या वेळी हात जरा मोकळे सुटतात. पुनाने काल दोन दिल्या. मी ओरडले त्याच्यावर, एकच थोबाडीत द्यायचा नियम आहे.

युवराजने आज 'अंधार'ला 'तिमिर' सांगितलं. स्वतःहून! तिच्यासमोर गेला, नाक धरलं आणि नुसतं बोट लावून परत फिरला. माझ्याकडे बघत होता. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "युवराज, हे काय गोंजारणं?" मग त्याने नीट दिली. नंतर जागेवर बसून बाकावर डोकं टेकलं. आबांचा नातू असून मन हळवं आहे पोराचं.

समीक्षाचा मला राग येतो कधी कधी. एवढी का ताठ उभी राहते? थोडी रडली तर पोरं हळू मारतील.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अक्षर वाईट येतंय.

आज मुद्दाम सोपा शब्द घेतला, फार कुणी उभं राहू नये म्हणून. 'आई'. भिंतीवरच्या पालीलाही आला असता. सगळा वर्ग बसलेला, एकटी समीक्षा उभी. मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "अगं, 'माय' तरी म्हण!" तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही. मीच तर सांगितलं होतं.

म्हणजे सगळ्यांनी द्यायची, एकेकाने. मी थांबवू शकले असते. हातात खडू होता, तो मोडत उभी राहिले. एक, दुसरा, तिसरा. तिचा गाल लाल झाला, मग काळपट. पोरं हसायची बंद झाली होती, तरी रांग चालूच. कुणी थांब म्हणालं नाही म्हणून कुणी थांबलं नाही. युवराजची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "बाई, नको." मी म्हटलं, "लवकर आटप." त्याने डोळे मिटून मारली. कानावर बसली.

ती खाली पडली नाही. नुसती एका बाजूला कलली, भिंतीला धरून. कानातून पातळ रक्त आलं, मानेवरून गळपट्टीत गेलं. तिने विचारलं, "बाई, आवाज कुठे गेला?"

पितांबर सरांनी तिला गाडीवर घरी सोडलं. सांगितलं, पडली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कानाचा पडदा फाटलाय. भिकुबाई, समीक्षाची आई, तिला जळगावला कानाच्या डॉक्टरकडे दाखवून आली. मोलमजुरी करणारी बाई, कपाशीच्या निंदणीला जाते. आज मुलीला घेऊन सरळ ऑफिसात आली. मी आणि पितांबर सर होतो. मुलीच्या कानात कापूस.

मला वाटलं, शिव्या देईल. ती हात जोडून उभी राहिली! म्हणाली, "बाई, पोरगी सांगस वर्गमा मारं. तिले येत नव्हतं का?"

पितांबर सर माझ्याकडे बघत होते. टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता. मी म्हटलं, "हो. अभ्यास कमी पडला."

"कोनता शबद व्हता?"

"आई."

भिकुबाईचं तोंड उतरलं. लाजली ती माझ्यासमोर. मग वळली आणि समीक्षाच्या चांगल्या बाजूच्या गालावर अशी सणसणीत दिली की कपाटाची काच वाजली. "दिवा लाईसन रातले पुस्तक लिसन बसस, आन मायले काय म्हंतस ते येत नही तुले? निंदाले ऊन्ही असती तं चार पैसा तरी व्हतात!" आणि अजून एक. आणि अजून एक. पोर भिंतीला टेकली. मी उठले नाही.

मग समीक्षा बोलली. आवाज मोठा होता, एका कानाने ऐकू येत नाही म्हणून असेल.

"येतं मला. माता. माउली. जननी. जन्मदात्री. माय." आईच्या तोंडाकडे बघत सांगत होती.

भिकुबाईचा हात वरच राहिला. "मंग सांगं का नही?"

"बाईंनी सांगितलं, सांगू नको. युवराजला मारायचं नाही म्हणून."

भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं. मग टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. मला दिसत होतं ती काय करणार. मी हललेही नाही. चष्मा उडाला. दुसरी बसली तेव्हा दात ओठात रुतला, तोंडात रक्ताची चव आली. ती ओरडत होती, "मनी पोरले मी मारं! तुना सांगावरून मी मारं मनी पोरले!" पितांबर सरांनी आणि शिपायाने तिला ओढून बाहेर नेलं. तिथेही ती आपल्याच हातांनी आपलं डोकं बडवून घेत होती.

सर मला पाणी देत म्हणाले, "घाबरू नका, आता आपली बाजू भक्कम झाली."

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

काल घरी आले तर यांनी माझा गाल बघितला आणि पेटले. "माझ्या बायकोला हात लावायची हिंमत कुणाची?" रात्रभर झोपले नाहीत. माझ्यासाठी यांना एवढा संताप आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. हसू आलं बहुधा.

आज सकाळी आबांनी माणूस पाठवला. तक्रार टाइप करून तयार होती. शासकीय कामात अडथळा, शिक्षिकेवर हल्ला, जिवे मारण्याची धमकी. मी सही करायची फक्त. आबा फोनवर म्हणाले, भिकुबाईला आजच्या आज उचलतील आणि पोरीचा दाखला उद्या तिच्या हातात. कानाचं प्रकरण आपोआप मिटलं. मग पितांबर सरांचा फोन, "मॅडम, कान तुमच्या वर्गात फुटलाय. सही नाही केली तर नोकरी तुमची जाईल."

रस्त्यात सजवलेले बैल वाट देत नव्हते. यांनी गाडीचा हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. ठाण्यात पोचलो. आबा आणि पितांबर सर आधीच आलेले. बाकड्यावर भिकुबाई बसलेली, तिला आधीच बोलावून घेतलं होतं. समीक्षा तिच्या मांडीशी. एका पोलिसाने पोरीला नाव विचारलं तर तिला ऐकू गेलं नाही, तिने मान फिरवून दुसरा कान पुढे केला. तेरा वर्षांची पोर, असं मान फिरवणं तीन दिवसांत शिकली.

हवालदार बाईंनी कागद वाचला. मग मला विचारलं, "मॅडम, हिने तुम्हाला मारलं?"

"हो."

"का मारलं?"

आबा म्हणाले, "लिखेल शे ना त्यामा." हे म्हणाले, "सही कर, चल." हवालदार बाई म्हणाल्या, "मी मॅडमना विचारतेय."

मला येत होतं उत्तर. ऑफिसातही येत होतं. मी सांगितलं, मी खोटं बोलले म्हणून मारलं. मग थांबताच येईना. खेळ सांगितला, पुनाकडून दाखवून घेतलेली पहिली थोबाडीत सांगितली, गाव कुणाचं हे आबांचं म्हणणं सांगितलं, सरांची तोड सांगितली. युवराज नको म्हणत होता, मी त्याला आटप म्हटलं, तेही सांगितलं. म्हटलं, त्या पोराच्या नावावर टाकू नका, हात त्याचा होता पण मारलं मी. सगळ्या वर्गाच्या हातांनी मीच मारलं. हे लिहा.

पितांबर सर हळूच बाहेर गेले. आबा उठले, काठी टेकत यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "प्रेमराजभाऊ, घरनी बाई आवरता येत नही तुमले?"

भिकुबाईची मी माफी मागितली तर तिने तोंड फिरवलं. बरोबर केलं. समीक्षा मात्र बघत राहिली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. तिचा दाखला तिच्या हातात पडणार नाही, एवढं हवालदार बाईंनी भिकुबाईला सांगितलं, नाव शाळेतच राहील. माझं राहील असं वाटत नाही.

मेहरूणला पोचलो. यांनी कुलूप उघडलं, दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आत हो."

मी बाहेर ओट्यावरच बसले. पर्समधून वही काढली, हे लिहितेय. अजून उजेड आहे, गल्लीत पोरं मातीचे बैल घेऊन फिरतायत. आतून दोनदा हाक आली. आवाज चढलेला नाही, म्हणजे वाईट.

शेजारच्या सुगंधाबाई आत्ता दारात आल्या. त्यांना म्हटलं, "मावशी, मी आत जातेय. आवाज आला तर या." त्या म्हणाल्या, "कसला आवाज गं?"

इतकी वर्षं 'मूड नव्हता' म्हणते, 'हात उठला' म्हणते, 'स्वभाव' म्हणते. आज म्हटलं, "मारतात मला."

त्यांनी आपल्या घरातून खुर्ची आणली आणि माझ्या दारासमोर मांडून बसल्या.

तिसरी हाक आली. जाते.